गोंडांच्या मुलखातील प्राध्यापक : डॉ. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचे जीवनकार्य

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर हा सागाच्या जंगलांचा आणि डोंगरांचा प्रदेश आपणांपैकी अनेकांना माहूरगडाच्या निमित्ताने परिचित आहे. मात्र 1956 सालापर्यंत हा भाग नांदेड जिल्ह्यात नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. राज्य पुनर्रचनेच्या वेळी किनवट परिसर मराठी मुलखात आला आणि उरलेले आदिलाबाद तेलुगू राज्यात गेले. सीमा आखली गेली, परंतु तिच्या दोन्ही बाजूंना गोंड, कोलाम आणि परधान समाजाची तीच कुळे, तीच दैवते आणि तीच सोयरीक राहिली.

या सीमेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, मारलवाई नावाचे एक लहानसे गोंड खेडे आहे. तेथे शेजारी शेजारी दोन समाधी आहेत. एक आहे बेटी एलिझाबेथ या इंग्रज स्त्रीची आणि दुसरी तिच्या पतीची. दरवर्षी 11 जानेवारीला आसपासच्या गावांतील आदिवासी बांधव तेथे जमून दोघांचे स्मरण करतात. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि लंडनच्या विद्यापीठात आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या एका प्राध्यापकाची समाधी या रानात का असावी, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर म्हणजेच डॉ. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचे जीवन होय.

विद्यापीठांत समाजाविषयी पुष्कळ संशोधन चालते. आरोग्य, निराधारांची काळजी, गुन्हे आणि न्याय या विषयांवर प्रबंध लिहिले जातात, आकडे गोळा केले जातात. ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले जाते, त्यांच्या पदरात शेवटी काय पडते? हायमेनडॉर्फ यांच्या जीवनात या प्रश्नाला एक उत्तर मिळते. ते पूर्णतः समाधानकारक नाही, आणि म्हणूनच ते समजून घेण्यासारखे आहे.

बालपण आणि शिक्षण

हायमेनडॉर्फ यांचा जन्म 1909 साली व्हिएन्ना येथे एका सरदार घराण्यात झाला. त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य अस्तित्वात होते. ते नऊ-दहा वर्षांचे झाले तोवर पहिले महायुद्ध संपून ते साम्राज्य लयाला गेले होते. व्हिएन्नातील नामांकित थेरेसियानुम विद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि 1931 साली डॉक्टरेट मिळविली. आसाम व ब्रह्मदेशाच्या डोंगरी जमातींची समाजरचना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. गंमत अशी, की तोपर्यंत त्यांनी त्या जमातींपैकी एकही माणूस पाहिलेला नव्हता. सारा प्रबंध ग्रंथालयातील पुस्तकांवर उभा होता.

ही उणीव त्यांना जाणवली असावी. पुढे शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले. तेथे ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की हे प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असत, की लोकांविषयी लिहावयाचे तर त्यांच्यात राहावे, त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या सुखदुःखाच्या प्रसंगी उपस्थित असावे. ही शिकवण घेऊन हायमेनडॉर्फ 1936 साली भारतात आले आणि सुमारे वर्षभर नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये राहिले. 1938 साली बेटी बर्नार्डो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढची जवळपास पन्नास वर्षे बेटी यांनी त्यांच्या प्रत्येक मुक्कामात, प्रत्येक पायपिटीत आणि प्रत्येक नोंदवहीत बरोबरीचा वाटा उचलला.

युद्धाने आणून सोडलेला माणूस

1939 साली हे दांपत्य पुन्हा भारतात आले आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. आदल्या वर्षी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याजवळ जर्मन पारपत्र होते आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ओळखीच्या अधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली, मात्र त्यांच्या वावरावर बंधन आले. नागा टेकड्यांकडे जाण्याचा मार्ग बंद झाला.

सक्तीने मिळालेल्या या मुक्कामाचा त्यांनी कामासाठी उपयोग केला. नल्लमलाच्या जंगलातील चेंचू, गोदावरीकाठच्या डोंगरांतील रेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड अशा तीन समाजांत ते क्रमाने राहिले. त्यांच्यावरील तीन ग्रंथ 1943 ते 1948 या काळात प्रसिद्ध झाले. चेंचूंच्या पानांच्या झोपड्यांजवळ तंबू ठोकून राहणाऱ्या या जोडप्याकडे संस्थानाचे अधिकारी प्रथम कुतूहलाने आणि नंतर आदराने पाहू लागले.

कोमरम भीम यांचा मृत्यू

हायमेनडॉर्फ गोंडांच्या मुलखात पोहोचण्यापूर्वी थोडेच दिवस तेथे रक्त सांडले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून संस्थानाच्या वनखात्याने मोठमोठे प्रदेश राखीव जंगल म्हणून जाहीर केले होते. पिढ्यानपिढ्या तेथे कसणारे गोंड एका रात्रीत अतिक्रमणकर्ते ठरले. कोमरम भीम नावाच्या गोंड तरुणाने काही कुटुंबांसह आसिफाबादच्या डोंगरात नवी वस्ती केली होती. जमीन कसू द्यावी म्हणून त्यांनी अर्जविनंत्या केल्या. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. वस्ती उठविण्याचे प्रयत्न झाले, लोक विरोधाला उभे राहिले आणि 1940 साली पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे अनेक साथीदार ठार झाले.

सरकारी दप्तरात हे प्रकरण कायदा व सुव्यवस्थेचे म्हणून नोंदले गेले. तथापि शांत स्वभावाचे म्हणून ओळखले जाणारे गोंड शस्त्र घेऊन उभे का राहिले, हा प्रश्न काही अधिकाऱ्यांना अस्वस्थ करू लागला. गोंडांच्या भागात राहून अभ्यास करणारा एक विद्वान संस्थानात आहे, हे त्यांना माहीत होते. त्यांनी हायमेनडॉर्फ यांना परिस्थितीचा अहवाल देण्यास सांगितले.

अहवालातील गोंड

येथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. तोपर्यंत ते गोंडांची कुळे, परधान भाटांनी गायिलेल्या कथा, पर्सापेन या कुलदैवताची पूजा यांच्या नोंदी करीत होते. आता त्याच वहीत वेगळ्या नोंदी येऊ लागल्या. कोणत्या गावात किती कुटुंबे होती आणि किती उठविली गेली, कोणाची जमीन कोणाच्या नावावर चढली, वनरक्षकाला दरवर्षी काय द्यावे लागते, वेठीला किती दिवस राबावे लागते, सावकाराच्या धान्याच्या कर्जावर किती वाढी द्यावी लागते, अशी ही माहिती होती.

या माहितीतून उलगडलेले चित्र साधे आणि भयंकर होते. गोंडांच्या समजुतीप्रमाणे जमीन ही कुळाची आणि गावदेवतेची. तिच्यासाठी कागद लागतो, ही कल्पनाच त्यांना परकी होती. महसुली मोजणी झाली तेव्हा त्यांनी पट्टे करून घेतले नाहीत. कागद जाणणाऱ्या बाहेरच्या लोकांनी ते करून घेतले. संस्थानाची राजभाषा उर्दू, बाजाराची भाषा मराठी किंवा तेलुगू आणि घरातील भाषा गोंडी. कचेरीत किंवा न्यायालयात उभ्या राहिलेल्या गोंडाला आपल्यावरील आरोप काय आहे, हेही पुष्कळदा समजत नसे. स्वतःच्या बापाच्या शेतात नांगर धरल्याबद्दल त्याला दंड होई आणि दंड भरण्यासाठी तो सावकाराकडे जाई. कर्ज फिटेनासे झाले की उरलेली जमीनही जाई.

गुन्हेगार कसा तयार होतो, याचे हे उदाहरण होते. ज्या कृत्याला गोंड समाज शेती म्हणत होता, त्यालाच कायदा गुन्हा म्हणत होता. हायमेनडॉर्फ यांच्या अहवालांचा निष्कर्ष असा, की भीम यांच्या वस्तीचा प्रश्न सहानुभूतीने हाताळता आला असता आणि मूळ रोग दूर केल्याशिवाय बंदोबस्त वाढवून काही साधणार नाही. हे चार अहवाल संस्थानाच्या महसूल खात्यानेच 1945 साली एकत्र प्रसिद्ध केले. स्वतःच्या कारभारावरील इतकी स्पष्ट टीका सरकारी खर्चाने छापली जावी, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. महसूलमंत्री विल्फ्रिड ग्रिग्सन यांचा त्यात मोठा वाटा होता. ग्रिग्सन यांनी स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिला होता, त्यामुळे हे सारे त्यांना सहज समजले.

त्याच सुमारास देशात इतरत्रही समाजाच्या अभ्यासाला नवे वळण मिळत होते. मुंबईत 1936 साली सुरू झालेल्या टाटा समाजकार्य विद्यालयात सेवेचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले जात होते. व्हेरियर एल्विन यांनी 1943 साली बस्तरच्या माडियांमधील शंभर खून खटल्यांची कागदपत्रे तपासून, माणूस कोणत्या परिस्थितीत हत्या करतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुरुंग आणि कचेरी यांच्या भिंतींमागे काय घडते, याकडे विद्वानांचे लक्ष जाऊ लागले होते.

मारलवाईची शाळा

अहवाल लिहून हायमेनडॉर्फ थांबले नाहीत. मारलवाई येथे त्यांचा मुक्काम होता. तेथेच 1943 साली गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र सुरू झाले. सुमारे सत्तर हजार गोंडांच्या त्या जिल्ह्यात लिहितावाचता येणारे गोंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांना जे काही अक्षरज्ञान होते ते मराठीचे होते. त्यामुळे नवी पुस्तके गोंडी भाषेत परंतु देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मूल प्रथम आपल्या आईच्या भाषेत वाचावयास शिके आणि त्यानंतर मराठी व उर्दूकडे वळे. आज मातृभाषेतून शिक्षणाविषयी आपण जे बोलतो, ते ऐंशी वर्षांपूर्वी त्या रानात प्रत्यक्ष घडत होते.

या केंद्रातून शिक्षक तर बाहेर पडलेच, शिवाय गावकामगार, सहकारी सोसायट्यांचे कारकून आणि वनखात्यातील कर्मचारीही तयार झाले. यामागील हेतू स्पष्ट होता. ज्या कागदाने गोंडाची जमीन नेली, तो कागद वाचता येणारा माणूस त्याच्याच घरात असावा.

जमिनीचे कामही त्याबरोबर चालू होते. खास नियम करून आदिवासींना विनामूल्य पट्टे देण्यात आले. 1940 च्या दशकाअखेर आदिलाबाद जिल्ह्यात अकरा हजारांहून अधिक आदिवासी खातेदारांच्या नावे सुमारे 1,60,000 एकर जमीन चढली होती. आदिवासी क्षेत्रासाठी वेगळे विनियम झाले. त्यांत सामान्य दिवाणी न्यायालयांऐवजी खास अधिकारी आणि आदिवासी पंचायती यांच्यामार्फत तंटे सोडविण्याची तरतूद करण्यात आली. गोंड पंचांपुढे गोंडीत बोलून न्याय मागणे आता कायद्याला मान्य होते.

निलंग्याचे सेतुमाधवराव

या कार्यात आपल्या मराठवाड्याच्या एका सुपुत्राचा वाटा विसरता येणार नाही. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म 1910 साली, आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे झाला. शिवकाल आणि मोगल-मराठा संघर्ष यांवरील त्यांचे ग्रंथ मराठी वाचकाला परिचित आहेत. 1992 साली त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. परंतु तरुणपणी ते हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादच्या आदिवासी भागात त्यांनी अधिकारी म्हणून काम केले, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते.

पगडी यांनी दुभाष्यावर विसंबून कारभार केला नाही. ते गोंडी आणि कोलामी या भाषा शिकले. इतकेच नव्हे, तर दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांमधील अनुभवांवर इंग्रजीत पुस्तकही प्रसिद्ध केले. हायमेनडॉर्फ यांनी सुचविलेल्या योजना कागदावरून शेतात उतरल्या, त्या पगडी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांमुळे. विद्वानाने रोगाचे निदान केले तरी औषध रोज कोणीतरी द्यावे लागते. मराठी, उर्दू, फारसी, तेलुगू अशा अनेक भाषांत वावरणाऱ्या या निलंग्याच्या माणसाने अर्जदाराची भाषा शिकणे हे आपले सरकारी कर्तव्य मानले.

केसलापूरचा दरबार

पौष अमावस्येला आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतूनही गोंड बांधव तेथे जातात. हजारो लोक एकत्र येतात, हे पाहून 1940 च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तेथे एक नवी प्रथा सुरू झाली. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी जत्रेत येऊन बसावे आणि लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकाव्यात, अशी ती प्रथा होती. कचेरीची पायरी चढण्यास बिचकणारा माणूस आपल्या देवाच्या अंगणात निर्धास्त बोलू शकतो, हा त्यामागील विचार होता. संस्थान गेले, राज्ये बदलली, तरी हा दरबार आजही भरतो.

लंडन, नेपाळ आणि पुन्हा मारलवाई

1944-45 मध्ये ईशान्य सीमेवर सरकारी काम केल्यानंतर हायमेनडॉर्फ हैदराबादला परतले. आदिवासी व मागास वर्गांसाठी संस्थानाचे सल्लागार आणि उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी 1949 पर्यंत सांभाळली. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर ते लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी अभ्यासाच्या विद्यालयात रुजू झाले. 1951 साली ते तेथे प्राध्यापक झाले आणि 1976 मध्ये निवृत्त झाले. या काळात त्यांनी नेपाळमध्ये दीर्घ अभ्यास केला. शेर्पांवरील त्यांचा ग्रंथ 1964 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी घेतलेली हजारो छायाचित्रे आणि चित्रफिती लंडनच्या त्या विद्यालयात जतन केलेल्या आहेत.

एवढ्यावर त्यांचे चरित्र संपले असते, तर ते यशस्वी विद्वानाचे चरित्र ठरले असते. परंतु निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापासून, ते व बेटी पुन्हा पुन्हा आदिलाबादला येऊ लागले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्या गावांच्या त्यांनी याद्या केल्या होत्या, त्याच गावांत ते नव्या याद्या करू लागले. या पाहणीतून जे दिसले ते क्लेशदायक होते.

ज्या जमिनींचे पट्टे त्यांच्या डोळ्यांदेखत वाटले गेले होते, त्यांतील पुष्कळ जमिनी गोंडांच्या हातून गेल्या होत्या. रस्ते झाले, बाजार वाढला, कापसाला भाव आला आणि बाहेरून शेतकरी येऊ लागले. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना घेता येऊ नये म्हणून 1959 चा विनियम होता आणि 1970 साली तो अधिक कडक करण्यात आला होता. तरीही कर्जापोटी, खंडाने किंवा दुसऱ्याच्या नावाने जमिनी हस्तांतरित होत राहिल्या. येथे आपण मराठवाड्याच्या लोकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. या नव्या वसाहतकारांत आपल्याकडून गेलेली कुटुंबेही होती. त्यांतील अनेक जण स्वतःच गरिबीने आणि अवर्षणाने गांजलेले होते. एका गरिबाची अडचण दुसऱ्या गरिबाच्या शेतावर जाऊन थांबली.

1982 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आदिवासींच्या जगण्याच्या झगड्याविषयीच्या ग्रंथात त्यांनी हे सारे गावनिहाय मांडले. आपण आखलेल्या योजनेचे फळ टिकले नाही, हे स्वतःच्या हाताने लिहिण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. त्याच्या आदल्या वर्षी, 20 एप्रिल 1981 रोजी, मारलवाईपासून फार दूर नसलेल्या इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार 13 जण मृत्युमुखी पडले. प्रत्यक्ष संख्या याहून पुष्कळ मोठी होती, असे तेथील लोक सांगतात. कोमरम भीम यांच्या मृत्यूला तेव्हा 41 वर्षे होत होती.

काही उणिवा

थोर व्यक्तींची चरित्रे सांगताना त्यांच्या मर्यादाही सांगणे न्यायाचे असते. तरुणपणी नागा टेकड्यांत असताना हायमेनडॉर्फ ब्रिटिशांच्या एका दंडात्मक मोहिमेत सामील झाले होते. गावे जाळणाऱ्या त्या मोहिमेकडे त्यांनी प्रामुख्याने संशोधकाच्या उत्सुकतेने पाहिले. आज कोणताही विद्यार्थी असे करणार नाही. हैदराबादेतही ज्या राजवटीच्या पोलिसांनी भीम यांना मारले, तिच्याच सेवेत राहून त्यांनी काम केले. त्यामुळे काही अभ्यासक विचारतात, की त्यांच्या योजनांनी गोंडांचे भले साधले की राज्याविरुद्धचा असंतोष शमविला. कदाचित दोन्ही घडले असेल. शिवाय या योजना चांगल्या अधिकाऱ्यांच्या बळावर उभ्या होत्या. ग्रिग्सन आणि पगडी यांच्यासारखे अधिकारी बदलून गेले, तशी त्यांच्यामागची शक्तीही ओसरली. गोंडांच्या स्वतःच्या संघटनेचा आधार त्यांना पुरेसा मिळाला नव्हता.

असे असले तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगावयास हवी. माहिती गोळा करून निघून जाणारे ते संशोधक नव्हते. चाळीस वर्षांनी ते त्याच दारी परत आले आणि आपले काम तपासून पाहिले.

अखेरचा प्रवास

11 जानेवारी 1987 रोजी बेटी यांचे हैदराबाद येथे निधन झाले. त्यांचा दफनविधी मारलवाई येथे गोंड रीतीनुसार करण्यात आला. पतीचे निधन 1995 च्या जूनमध्ये लंडनला झाले. त्यांच्या अस्थी 2012 साली मारलवाईला आणून पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आल्या. ज्या माणसाला युद्धाच्या काळात शत्रू म्हणून या मुलखात अडकवून ठेवले गेले होते, त्याला त्या मुलखातील लोकांनी आपल्या भूमीत जागा दिली.

आज किनवट परिसर महाराष्ट्रात आहे. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी आपल्या राज्यात 1974-75 पासून कायदे आहेत, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात कसणाऱ्या कुटुंबांचा हक्क देशभर मान्य केला. नांदेड येथे 1994 साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली असे आहे आणि किनवट येथे त्याचे आदिवासी विकास व संशोधन केंद्रही आहे. लातूरकरांनी तर संशोधन आपल्या उंबरठ्यावर आलेले पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेची माणसे पडक्या घरांतून फिरून कुटुंबांची माहिती घेत होती.

वाचकहो, आपणांपैकी कित्येक जण दवाखान्यांत, वसतिगृहांत, बचत गटांत किंवा तुरुंगातील बंदिवानांच्या भेटीच्या कामात सहभागी असतात. कधी ना कधी आपल्या हातीही पाहणीचा एखादा अर्ज येतो आणि समोरचा गरीब माणूस विश्वासाने आपले घर, आजार, कर्ज, खटला यांविषयी सांगतो. त्या वेळी मारलवाईच्या या प्राध्यापकाची आठवण ठेवावी. त्याने सांगितलेले आपण त्याच्या भाषेत समजून घेतले का, ते ज्यांच्यापर्यंत पोहोचावयास हवे त्यांच्यापर्यंत पोहोचविले का, आणि काही वर्षांनी त्याच्या दारी परत जाऊन काय बदलले हे पाहिले का, एवढे तीन प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो. हायमेनडॉर्फ यांनी ते स्वतःला विचारले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सुखावणारे नव्हते, तरीही ते त्यांनी लिहून ठेवले.